वळचणीखालचा जॉइंट

‘सेट व्यवस्थित चालू आहे. दोष आढळला नाही.’ हे मी मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर दुसऱ्यांदा लिहून दिलं, तेव्हा सुनंदाताई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी सही केली. चेअरमन मयेकरांनी कागद फाइलला लावला. सुनंदाताई पुन्हा सेटसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या कागदाचा अर्थ मला त्या दिवशी कळला नव्हता, त्यांना लगेच कळला होता. सेटमध्ये दोष नाही म्हणजे दोष सेटवर बसणाऱ्या बाईत आहे.

मी सरकारी खात्यात तीस-बत्तीस वर्षं वायरलेसचं काम केलं. रिटायर झाल्यावर मालवणात राहतो आणि बोटींचे रेडिओ, जीपीएस, मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो. पर्यटकांच्या सीझनमध्ये हॉटेलांचे सीसीटीव्हीही बघतो. माझं मूळ गाव कणकवलीकडचं, भात आणि काजू करणाऱ्यांचं. समुद्राशी माझा संबंध अँटेनापुरता.

ही गोष्ट मालवणच्या उत्तरेला, कुणकेश्वराच्या वाटेवरच्या एका मच्छीमार गावातली आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या सोसायटीच्या ऑफिसात एक व्हीएचएफ सेट आहे. व्हीएचएफ म्हणजे बोटींशी बोलायचा रेडिओ. बोट चार-पाच मैल आत गेली की मोबाइलची रेंज जाते. पुढे हा सेटच. हवा बिघडणार असेल तर तो सांगतो, कोणाची मशीन बंद पडली तर तो ऐकतो. ऑफिसला रेडिओवर ‘किनारा’ म्हणतात. बोटीवरून हाक येते, ‘किनारा, किनारा’, आणि गेली अकरा वर्षं त्या हाकेला उत्तर देत होत्या सुनंदाताई.

बाई पंचेचाळिशीच्या. नवरा गोव्यात बार्जवर कामाला, घरी सासू. बारावीपर्यंत शिकलेल्या. पहाटे साडेपाचला ऑफिस उघडायचं, सेट चालू करायचा, सकाळची हवा सगळ्या बोटींना सांगायची आणि शेवटची बोट परत येईपर्यंत बसायचं. प्रत्येक हाक त्या एका लांब वहीत लिहीत. वेळ, बोट, काय म्हणाले, आपण काय सांगितलं. कोणी लिहायला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात सोसायटीचं ऑफिस जुन्या कौलारू घरातून मागच्या नव्या इमारतीत हललं. अँटेना मात्र जुन्या घरालगतच्या लोखंडी खांबावर राहिली. खांब काँक्रीटमध्ये बसवलेला, तो उपटून हलवणं मोठं काम. म्हणून अँटेना तिथेच ठेवून केबल चाळीस मीटर वाढवायची असं ठरलं आणि मला बोलावलं.

आता ही केबल काय असते ते थोडं सांगतो. तिला कोअ‍ॅक्सियल केबल म्हणतात. मधोमध एक तांब्याची तार. तिच्याभोवती पांढरं जाड प्लास्टिक. त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी. सगळ्यावर काळं रबरी कवच. सिग्नल नुसत्या मधल्या तारेतून जात नाही, तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून जातो. ती जागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी लागते. माडांना पाणी सोडतो तो पाट मध्येच कुठे अरुंद झाला किंवा फुटला तर पाणी मागे तुंबतं, तसंच. केबल कुठे दबली, जोडताना तारा ढिल्या राहिल्या किंवा आत पाणी गेलं, तर सिग्नल पुढे जायचा तो उलटा सेटकडे येतो. म्हणून विजेची वायर जोडतात तशी ही केबल पिळून, वर टेप मारून जोडता येत नाही. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवावे लागतात, मध्ये जोडणारा तुकडा लावावा लागतो आणि उघड्यावर असेल तर जॉइंट पाण्यापासून नीट बंद करावा लागतो.

मयेकरांनी मला जुन्या ऑफिसातलं टीव्हीच्या केबलचं एक भेंडोळं दाखवलं आणि हेच लावा म्हणाले. मी नाही म्हटलं. घरातल्या टीव्हीची केबल आणि रेडिओची केबल बाहेरून भावंडं दिसतात, पण आतली मापं वेगळी. टीव्हीला पंचाहत्तर ओहमची लागते, रेडिओला पन्नासची. एकमेकांना जोडली की जोडापाशीच थोडा सिग्नल परत फिरतो. हे मी त्यांना ऑफिसात दहा माणसांसमोर बऱ्यापैकी तोऱ्यात समजावलं.

खरं तर खांबापासून नव्या ऑफिसपर्यंत एकसंध नवी केबल टाकणं हे बरोबर काम. ती मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते आणि ऑफिसचं उद्घाटन दोन दिवसांवर. माझ्याकडे योग्य जातीच्या केबलचा चाळीस मीटरचा तुकडा शिल्लक होता. तो जुन्या केबलला जोडू, मग नवी आली की बदलू, असं मी म्हणालो. कनेक्टर नवे वापरले. सोल्डर नीट केलं. जॉइंटवर आधी एक रबरी टेप गुंडाळतात. ती ओढून लावली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते आणि पाणी आत येऊ देत नाही. ती माझ्या पेटीत संपली होती. मी साधी काळी टेप चार वेढे जास्त मारली आणि जॉइंट जुन्या घराच्या वळचणीखाली वाशाला बांधून टाकला. वर कौलं आहेत, पाऊस लागणार नाही, आणि आठ दिवसांचा तर प्रश्न.

सेट उत्तम चालला. उद्घाटनाला मयेकरांनी स्वतः माइक घेऊन बोटींशी बोलून दाखवलं. नंतर हॉटेलांचा सीझन सुरू झाला. मी केबल मागवली नाही. सोसायटीनेही विचारलं नाही. चालू असलेल्या गोष्टीची आठवण कोणालाच होत नाही.

डिसेंबरात तक्रारी सुरू झाल्या. बोटीवाले म्हणत, किनारा उत्तर देत नाही. सुनंदाताई म्हणत, मी देते. मयेकरांनी मला बोलावलं. मी हॉटेलचं एक काम उरकून दुपारी साडेबाराला पोचलो. सेट लावला, दोन बोटींना हाक मारली, दोघांचं स्वच्छ उत्तर आलं. बॅटरी तपासली, माइक तपासला. सगळं ठीक. लिहून दिलं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा दुपारीच गेलो, पुन्हा सगळं ठीक. त्या दुसऱ्या खेपेला मी एक गोष्ट केली, ती आठवली की अजून कानकोंडं होतं. अकरा वर्षं सेट चालवणाऱ्या बाईला मी माइकचं बटण कसं दाबायचं ते शिकवलं. बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला, बोलून झालं की सोडा. त्यांनी मान हलवली. मयेकर बाजूला उभे राहून ऐकत होते. नंतर मी दुसरा कागद लिहिला.

त्यानंतर चारच दिवसांनी आबा कोयंड्यांची बोट बंद पडली.

आबा म्हणजे गावातले जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य. साठीचे, आवाज मोठा, स्वभाव सरळ. सकाळी साडेसहाच्या सुमारास परत येताना त्यांचा गिअर तुटला. वारा जमिनीकडचा नव्हता, बोट खडपांकडे सरकायला लागली. खडप म्हणजे पाण्यातले खडक, ओहोटीला उघडे पडतात. नांगर टाकला तो धरेना. आबांनी किनाऱ्याला हाक मारायला सुरुवात केली. उत्तर नाही. अर्ध्या तासाने दुसरी एक बोट दोर घेऊन आली आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. माणसं सगळी परत आली, पण दोर बांधताना एका खलाशाची दोन बोटं चेमटून मोडली आणि जाळं खडपात अडकलं ते कापून सोडावं लागलं.

आबा वाळूवर उतरले ते तसेच बोलत सुटले. मासे घ्यायला आलेल्या बायका होत्या, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे रापणीवाले होते, दोन-चार पर्यटकही होते. “अर्धो तास बोंबललंव,” ते म्हणाले, “आणि किनाऱ्यार कोण नाय.” त्यातच कोणीतरी सांगितलं की सुनंदाला आपण त्याच वेळी वाळूवर बघितलं, ती ऑफिसात नव्हतीच. झालं. त्या दुपारी सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात लिहिलं गेलं की सेट ठीक असल्याचे दोन रिपोर्ट आहेत, ऑपरेटर जागेवर नव्हत्या, आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमण्याबाबत पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घ्यावा.

हे मला सुनंदाताईंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने मालवणला माझ्या घरी आल्या. पिशवीत ती वही होती. बायकोने चहा ठेवला. मला वाटलं रडतील, मदत करा म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि चहा पिऊ लागल्या.

मी त्या दिवसाचं पान वाचलं. सहा बत्तीस, आबांची हाक, गिअर तुटला. सहा बत्तीस, उत्तर दिलं. सहा तेहेतीस, पुन्हा दिलं. सहा पस्तीसपर्यंत पाच वेळा. ‘त्यांना ऐकू जात नाही’ असं लिहून खाली रेघ मारलेली. सहा छत्तीस, मयेकरांना फोन, बंद. सहा सदतीस, आणखी एकाला, उचलला नाही. सहा अडतीस, सेटचा आवाज मोठा करून वाळूवर धावत गेले, सुटायच्या बेतात असलेल्या बोटीला सांगितलं. सहा एकावन्न, परत जागेवर. बाई जागेवर नव्हती ती या तेरा मिनिटांत, आणि दोर घेऊन गेलेली बोट तिनेच पाठवलेली होती.

मी विचारलं की हे कमिटीला दाखवलं का. दाखवलं होतं. मागाहूनही लिहिता येतं, असं एक जण म्हणाला होता.

मी मागची पानं चाळली. त्यांनी ज्या हाकेला आपलं उत्तर पोचलं नाही असं वाटलं तिथे बाजूला फुली मारली होती. ऑक्टोबरात एकही फुली नाही. नोव्हेंबरच्या शेवटी दोन-चार. डिसेंबरात रोज. आणि सगळ्या फुल्या पहाटे ते नऊ-साडेनऊ. दहानंतर एकही नाही. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी अजूनही मनात मशीनची बाजू घेत होतो. सकाळी झोप असेल, घाई असेल, असं काहीतरी. सेट घड्याळ बघून बिघडत नाही, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

“काका, तुमी दोन्ही खेपेक दुपारचे इल्यात,” त्या म्हणाल्या. “एकदा सकाळी येवा. ऊन वर येवच्या आधी.”

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि दारात थांबून म्हणाल्या, “नोकरी रवतली नायतर जातली. पण माका खोटी ठरवल्यानी, ता माका सोसणा नाय.”

त्या गेल्यावर बायको एवढंच म्हणाली की जा एकदा, मोटरसायकल आहे ना. मला राग आला होता, कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो.

रस्त्याला इतकं दव होतं की हेल्मेटची काच दर दोन मिनिटांनी पुसावी लागत होती. पोचलो तेव्हा शर्टच्या बाह्या ओल्या होत्या. ऑफिस उघडं होतं. सुनंदाताई सेटवर होत्या. मी आलो याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी खुर्ची सोडली आणि मला बसायला सांगितलं. मी म्हटलं तुम्हीच बसा, रोजच्यासारखं बोला, मी बघतो.

त्यांनी एका बोटीला हाक मारली. बटण दाबलं, थांबल्या, बोलल्या, सोडलं. बिनचूक. उत्तर आलं ते खरखरत: “किनारा, तुजो आवाज फाटता. कायएक समजणा नाय.” दुसऱ्या बोटीने उत्तरच दिलं नाही, आणि ती बोट तर समोर पाच मैलांवर होती.

मी पेटीतून मीटर काढला आणि सेट आणि केबल यांच्या मध्ये जोडला. हा मीटर एकच गोष्ट सांगतो. सेट जेवढी ताकद अँटेनाकडे पाठवतो त्यातली किती परत येते. काटा दोनच्या आत असला की आम्ही खूश. पाच म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद परत. अशा वेळी सेट स्वतः जळू नये म्हणून आपली ताकद आपोआप कमी करतो. म्हणजे आधीच अर्धी गळती आणि त्यात सेटही हळू बोलणार. बोटींचा आवाज कसाबसा आत येतो, आपला मात्र बाहेर पोचत नाही. काटा पाचच्याही पुढे गेला होता.

मी या आधी मीटर आणला नव्हता. दोन्ही वेळा बोलून बघितलं, ऐकू आलं, संपलं.

दोष आहे हे कळलं. कुठे आहे ते शोधण्याआधी मी ठरवलं की कशाला हात लावायचा नाही, थांबून बघायचं. सुनंदाताई मध्ये मध्ये बोटींशी बोलत होत्या, मी दर अर्ध्या तासाने काटा वाचत होतो आणि त्या तो आपल्या वहीत लिहीत होत्या. सातला पाचच्या पुढे. आठला तसाच. नऊच्या सुमारास ऊन जुन्या घराच्या वळचणीवर आलं. साडेनऊला काटा साडेतीन. साडेदहाला दोनच्या खाली. पहिल्यांदा उत्तर न दिलेली बोट आता अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू येत होती.

ऊन वळचणीवर आल्यावर दोष गेला. वळचणीखाली काय आहे ते मला माहीत होतं.

शिडी लावून वर चढलो. काळी टेप सुटून तिचं टोक लोंबत होतं, तिच्या डिंकात मीठ आणि धूळ बसली होती. पाऊस लागला नव्हता, ते माझं बरोबर होतं. पण समुद्राकाठचं दव पावसासारखं वरून पडत नाही. ते सगळीकडून येतं, आणि खारं असतं. टेप कापली. आतला कनेक्टर हिरवा पडला होता. तो सोडवला तर आतून अजून न सुकलेला पाण्याचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. केबलचं काळं कवच चिरून बघितलं, तर जाळी वीतभर आतपर्यंत काळी. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी जाळीतून चढलं होतं. रात्रभर ओलं होऊन सकाळी सिग्नल अडवायचा, ऊन लागलं की सुकून दुपारी निर्दोष. मी यायचो तो दुपारी.

जॉइंट हातात घेऊन खाली उतरलो. सुनंदाताई दारात आल्या होत्या. त्यांनी तो बघितला.

“ह्यो जॉइंट कोणी केल्लो?”

“मीच,” मी म्हणालो.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, “मगे बटण कसा दाबूचा ता आता परत शिकवतल्यात?”

मी माफी मागितली. कशी मागितली ते शब्द आठवत नाहीत. त्या ऐकून आत गेल्या, कारण सेटवर हाक आली होती.

त्या दिवशीच मी केबल स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवे कनेक्टर घातले, रबरी टेप ओढून बसवली, वर काळी टेप, आणि जॉइंटच्या आधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे केबलवरून येणारा थेंब जॉइंटपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी गळून पडतो. मुंबईला फोन करून एकसंध नवी केबलही मागवली. जुना जॉइंट प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

मीटिंग दोन दिवसांनी दुपारी चारला होती. त्याआधी मी मयेकरांना गाठून सगळं सांगितलं. मयेकर वाईट माणूस नाही. ते ऐकून विचारात पडले. मग म्हणाले की दोष सापडला हे उत्तम झालं, बाईंचं कामही राहील. फक्त रिपोर्टमध्ये जॉइंट कोणी केला ते कशाला. “परबांनू, तुमचा नाव कित्याक व्हया? खाऱ्या हवेन जॉइंट गेलो, इतक्याच लिवा.”

खरं सांगतो, मला मोह झाला. वाक्य खोटं नव्हतं. जॉइंट खाऱ्या हवेनेच गेला होता. या पट्ट्यातल्या वीस-पंचवीस बोटी माझ्याकडे काम देतात, आणि परबाचा जॉइंट गळतो हे एकदा पसरलं की पुसता येत नाही. पण तेवढंच लिहिलं असतं तर गावाने काय धरलं असतं? सेटही बिघडला होता आणि बाईही जागेवर नव्हती, अर्धं अर्धं. त्यांची वही खोटीच राहिली असती.

मीटिंगला दहा-बारा माणसं होती. आबा कोयंडे मागच्या बाकावर. हात बांधलेला खलाशी त्यांच्या शेजारी. सुनंदाताई दाराजवळ. एरवी मालवणीत बोलणारे मयेकर मीटिंग सुरू झाली की प्रमाण मराठीत बोलतात, त्यामुळे सगळे सावरून बसले होते. मी पिशवीतून जॉइंट काढून टेबलावर ठेवला आणि कागद वाचला. त्यात तीन गोष्टी होत्या. हा जॉइंट मी केला, तात्पुरता म्हणून केला आणि पाण्यापासून नीट बंद केला नाही. आठ दिवसांत बदलतो म्हणालो आणि बदलला नाही. दोन्ही रिपोर्ट मी दुपारी येऊन, मीटर न लावता लिहिले, ते मी मागे घेतो. मग वहीतली सकाळच्या काट्याची पानं आणि सुनंदाताईंच्या फुल्या एकाशेजारी एक ठेवून दाखवल्या.

जॉइंट हातोहाती फिरला. ज्याने मागाहून लिहिता येतं म्हटलं होतं त्याने तो जरा जास्तच वेळ निरखला. आबांकडे गेला तेव्हा त्यांनी नखाने हिरवा थर खरवडला आणि शेजारच्या खलाशाला दाखवला. दर्यावरच्या माणसाला गंज समजावून सांगावा लागत नाही.

मयेकर म्हणाले, तर मग विषय संपला. तेव्हा सुनंदाताई पहिल्यांदा बोलल्या, आणि त्याही प्रमाण मराठीत.

“संपला नाही,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी बुकात लिहिलंय की ऑपरेटर जागेवर नव्हत्या. त्याच्याखाली आज हेही लिहा. मी कुठे होते आणि कशाला गेले होते ते.”

सेक्रेटरीने मयेकरांकडे बघितलं. मयेकरांनी मान हलवली. सेक्रेटरी लिहू लागला आणि सुनंदाताई वहीतून वेळा वाचून दाखवू लागल्या. सहा बत्तीस. सहा तेहेतीस. सगळे ऐकत होते. सहा अडतीसला त्या वाळूवर कोणत्या बोटीकडे गेल्या ते आलं, तेव्हा आबा उभे राहिले.

“चार माणसांत बोललंय, म्हणान चार माणसांतच सांगतंय,” ते म्हणाले. “चूक माजी.”

मग म्हाताऱ्याने टोपी घातली आणि निघून गेला. दाराशी सुनंदाताईंजवळ क्षणभर थांबला. त्यांनी वहीतली पुढची वेळ वाचली. त्यांनी लगेच सगळं विसरून हसावं अशी माझी अपेक्षा होती असं नाही, पण नंतर कित्येक दिवस त्या आबांच्या बोटीशी कामापुरतंच बोलत, असं मला मयेकरांकडून कळलं. माझ्याशीही.

नवी केबल आठवड्याने आली. लांबी वाढली की केबलमध्येच सिग्नल थोडा विरतो, म्हणून आधीपेक्षा जाड घेतली. खांबापासून सेटपर्यंत एकसंध, मध्ये कुठेही जोड नाही. ती टाकायला मी सकाळी सहाला गेलो. सुनंदाताईंनी काटा वाचून घेतला, वहीत लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवून सही करायला सांगितली. खाली तारीख घालायला लावली. तेव्हापासून तिथे कोणी काहीही दुरुस्त केलं की त्या त्याची सही घेतल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. मीही आता माझ्या प्रत्येक जॉइंटवर कागदाची चिठ्ठी चिकटवतो: कधी केला, कधी बदलायचा.

घरी टीव्हीची केबल वाढवणाऱ्यांनाही मी दोन गोष्टी सांगतो. जमेल तर मध्ये जोड ठेवू नका. ठेवावाच लागला तर घराच्या आत ठेवा, वळचणीच्या भरवशावर नको. आणि माझ्या धंद्यातल्या माणसांना एकच. तक्रार ज्या वेळची असेल त्या वेळी जा. आपल्या सोयीच्या वेळी बहुतेक वस्तू चालतात.